दहावीच्या आधीचं वर्ष : अभिक्षमता चाचणी आणि किल्लारी परिसरातली मुलं

किल्लारी, औसा, निलंगा, लोहारा, उमरगा या पट्ट्यात ‘दहावीनंतर काय’ हा प्रश्न निकाल लागल्यावर विचारला जातो आणि चार दिवसांत मिटतो. टक्के भरपूर असतील तर लातूर, सायन्स आणि नीटचा क्लास. मध्यम असतील तर जवळच्या कॉलेजात अकरावी. त्याहून कमी असतील तर आयटीआय, नाहीतर पुण्याला चुलतभावाच्या खोलीवर. या पायऱ्या कुणी कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत, पण घराघरांत त्या पाठ आहेत. मुलाला काय जमतं, कशात त्याचं डोकं चालतं, कुठलं काम करताना त्याला वेळेचं भान राहत नाही, याची चौकशी त्या चार दिवसांत होत नाही. ती करायला तेव्हा वेळही नसतो.

ही चौकशी नववीतच सुरू व्हावी, आणि ती करताना शिक्षकाच्या हाताशी टक्क्यांखेरीज आणखी काही माहिती असावी, म्हणून ही पुस्तिका आहे. अभिक्षमता चाचणी हा त्या माहितीचा एक भाग. चाचणी कशी घ्यायची, गुण कसे काढायचे, अहवाल कसा लिहायचा हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. मला इथे त्याच्या आधीचं काही सांगायचं आहे. पुण्या-मुंबईत तयार झालेली चाचणी किल्लारीच्या वर्गात घेतली, तर ती नेमकं काय मोजते? आणि हाती आलेल्या आकड्याचा इथे काय अर्थ लावायचा?

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू. मुलाला काय आवडतं तो त्याचा कल. आजवर शिकवलेलं त्याने किती आत्मसात केलं, ते परीक्षेचे गुण सांगतात. आणि पुढे शिकवलं तर कुठली गोष्ट त्याला तुलनेने लवकर आणि चांगली येईल, याचा अंदाज म्हणजे अभिक्षमता. तिन्ही गोष्टी एकाच मुलात तीन दिशांना असू शकतात. १९४७ साली अमेरिकेत तयार झालेल्या ‘डिफरेन्शियल अॅप्टिट्यूड टेस्ट्स’ या संचापासून शाळेतल्या मुलांची अभिक्षमता अशी वेगवेगळ्या तुकड्यांत मोजायची पद्धत रुळली. शब्दांतून तर्क करणं, आकडेमोड, आकृत्यांच्या मालिकेतला नियम ओळखणं, सपाट कागद दुमडल्यावर कोणता आकार तयार होईल ते मनात पाहणं, कप्पी आणि दंतचक्रं कोणत्या दिशेला फिरतील ते सांगणं, दोन याद्यांतला फरक झटपट पकडणं, भाषेचा वापर, असे ते तुकडे. सीबीएसई आणि एनसीईआरटीने नववी-दहावीसाठी काढलेल्या ‘तमन्ना’ चाचणीतही अशीच सात अंगं आहेत. एकच एक ‘हुशारी’ न मोजता मुलाचे उंच-सखल भाग दाखवायचे, हा या पद्धतीचा गाभा. शिक्षकांनी तो घट्ट धरून ठेवावा, कारण आपल्याकडे अहवाल हातात पडला की पहिला प्रश्न येतो तो ‘एकूण किती पडले?’ हाच.

मराठी मुलखाला हे शास्त्र नवं नाही. बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना कुठे मदत हवी ते ओळखण्यासाठी. तीच चाचणी व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसवली. नुसतं भाषांतर करून भागणार नाही, इथल्या मुलांवर घेऊन इथली मानकं ठरवावी लागतील, हे त्यांनी त्या काळात ओळखलं होतं. व्यवसाय मार्गदर्शनाचा पाया बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी घातला, आणि त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलं. त्यांचं सूत्र सोपं होतं: स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, आणि दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घाला. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाचं स्वतंत्र कार्यालय उघडलं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली तेव्हापासून त्या संस्थेत मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम चालू आहे, आणि मराठीतून चाचण्या घडवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

त्याच ज्ञान प्रबोधिनीची एक निवासी शाळा किल्लारीपासून जवळ, लोहारा तालुक्यातल्या हराळीला आहे. तिथे शेती हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. ही शाळा इथे आली भूकंपामुळे, आणि भूकंपाविषयी बोलल्याशिवाय या परिसरातल्या करिअर मार्गदर्शनाविषयी बोलता येणार नाही असं माझं ठाम मत आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेश विसर्जन करून गावं झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या वेळी शाळेत असलेली मुलं आज चाळिशी ओलांडलेली आहेत, आणि आत्ता आठवी-नववी-दहावीत असलेल्या कित्येक मुलांचे तेच आईवडील आहेत. कुठलं काम आवडेल हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. विचारायला घरात माणूस उरलं नव्हतं, किंवा जे उरले होते ते पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होते. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. ती मुलं शिकली, पायावर उभी राहिली, आणि त्यातून किती मोठं काम झालं हे या भागाला माहीत आहे. पण त्यांच्या वाटा ठरवल्या त्या आपत्तीने आणि मदतीला आलेल्या हातांनी.

म्हणून या भागातला बाप ‘पोराला नोकरीच लागली पाहिजे’ म्हणतो तेव्हा त्याला मागासलेला समजू नये. एका रात्रीत घर, गोठा, माणसं गेलेली त्याने पाहिलेली असतात. त्यानंतर दुष्काळ येत गेले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. सोयाबीनचा भाव दर हंगामात काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही. अशा माणसासमोर रंगीत आलेख ठेवून ‘तुमच्या मुलाचा कल ललित कलांकडे आहे’ असं म्हटलं, तर तो हसत नाही, चिडतही नाही. गप्प बसतो आणि क्लासची फी भरून येतो. त्याच्या भीतीला उत्तर देणारं काही शिक्षकाजवळ असेल, तरच चाचणीचा कागद त्याच्या घरात वाचला जाईल.

क्लासचा विषय आला म्हणून लातूर पॅटर्नविषयी सांगतो. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतून हा पॅटर्न घडला. नियमित तास, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा, उत्तरपत्रिका तपासून मुलाला त्याच्या चुका दाखवणं, या मेहनतीवर तो उभा राहिला. मराठवाड्यातली शेतकऱ्यांची मुलं गुणवत्ता यादीत झळकू शकतात हे त्याने सिद्ध केलं. त्याआधी हे किती जणांना खरं वाटलं असतं? या पॅटर्नबद्दल मला आदर आहे, आणि तो वाचकांनीही सोडू नये. पण लातूर-नांदेडला खोली करून राहणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या, दोन-तीन वेळा नीट देणाऱ्या मुलांची संख्या डोळ्यांसमोर आणली की वाटतं, या सगळ्यांना हीच एक परीक्षा देण्याची गरज होती का? मेहनतीने सगळं येतं, ही लातूर पॅटर्नची शिकवण खरी आहे. तीच मेहनत कुठे लावली तर मूल जास्त पुढे जाईल, हे सांगायचं काम उरतं. तिथे अभिक्षमता चाचणी उपयोगी पडते.

राज्याने हा प्रयत्न करून पाहिला आहे. विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना, २०१६ मध्ये, राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी सुरू केली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. पुढच्या वर्षांत ती मोबाइल अॅपवर आली, आणि कलाबरोबर अभिक्षमतेचाही भाग तिला जोडला गेला. एवढ्या मोठ्या राज्यात खेड्यातल्या मुलालाही फुकट चाचणी मिळाली, आणि गणवेशधारी सेवा हे क्षेत्र स्वतंत्र ठेवलं गेलं, या दोन्ही गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. लातूर, नांदेड, धाराशिवच्या गावांत पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं पाहिली असतील त्यांना त्या क्षेत्राचं महत्त्व सांगायला नको.

तरी चाचणीतून जे व्हायला हवं होतं ते पुरेसं झालं नाही, आणि याचं कारण माझ्या मते प्रश्नपत्रिकेत नव्हतं. दहावीच्या वर्षात, बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर घेतलेल्या चाचणीवर बोलायला वेळ कुणापाशी असणार? अहवाल हातात येईपर्यंत घरातला निर्णय झालेला असायचा. कामांची ओळख नसताना कल विचारला की मूल ओळखीचंच नाव सांगणार, हेही त्यात होतंच. नववीतल्या मुलाला ठाऊक असलेली कामं कोणती? शिक्षक, पोलीस, डॉक्टर, तलाठी, ड्रायव्हर, दुकानदार, शेतकरी. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर खोदलं आणि वरचा काळा पाषाण तिथे ३३८ मीटर जाड आहे हे समजलं. जगभरचे भूशास्त्रज्ञ या गावाचं नाव जाणतात. पण भूशास्त्र हे काम असतं, त्यासाठी अमुक शिकावं लागतं, हे इथल्या किती मुलांना कुणी सांगितलं?

आता या पुस्तिकेच्या मुळाशी असलेल्या मुद्द्याकडे येतो. अभिक्षमता चाचणीतला कमी गुण दोन कारणांनी येऊ शकतो. एक, ती क्षमता त्या मुलात खरोखर तुलनेने कमी असेल. दुसरं, ती वापरायची संधीच त्याला मिळालेली नसेल. कागदावर हे दोन्ही गुण अगदी सारखे दिसतात. यांत्रिक तर्काच्या प्रश्नात कप्प्या, तरफा, गिअर असतात. ज्या मुलाने वडिलांबरोबर बोअरची मोटर वर काढली, सायकलची चेन बसवली, फवारणीचा पंप उघडून साफ केला, त्याला ते चित्र ओळखीचं असतं. त्याच घरातल्या बहिणीला पान्ह्याला हात लावू दिलेला नसतो. तिचा गुण कमी आला की ‘मुलींचं डोकं मशिनीत चालत नाही’ असा निष्कर्ष तयारच असतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तिच्यावर अन्याय करणारा आहे. मनात आकार फिरवून पाहण्याची क्षमता सरावाने सुधारते, हे अनेक अभ्यासांत दिसून आलेलं आहे. म्हणून चाचणीआधीच्या महिन्यांत शाळेने मुलामुलींना, दोघांनाही, कागदाचे घन करायला लावावेत, जुना पंखा खोलून द्यावा, गावाचा नकाशा काढून घ्यावा. मग घेतलेली चाचणी जास्त खरं सांगेल.

वेगाचंही तसंच. काही तुकड्यांत वेळ मोजून दिलेला असतो. संगणक किंवा मोबाइलवर चाचणी असेल तर पडद्याची सवय असलेलं मूल पुढे जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेलं, सावकाश पण पक्कं उत्तर देणारं मूल मागे दिसतं. चाचणीतल्या सूचना नीट समजावून सांगा, सराव प्रश्न सगळ्यांचे सुटेपर्यंत थांबा, एवढ्याने फरक पडतो. आणि सीईटीमुळे घराघरांत पोचलेला पर्सेंटाइल हा आकडा जपून वापरा. ‘साठ पर्सेंटाइल’ म्हणजे शंभरपैकी साठ मुलांच्या पुढे. पण कुठल्या शंभर मुलांच्या? ती मुलं शहरातल्या इंग्रजी शाळांतली असतील, तर तो आकडा किल्लारीच्या मुलाविषयी कमी आणि त्याच्या आणि त्यांच्या शाळांतल्या अंतराविषयी जास्त सांगतो.

यावर उपाय आहे. मुलाची तुलना इतरांशी करण्याआधी त्याच्या स्वतःच्याच इतर क्षमतांशी करा. समजा, नववीतली एक मुलगी आहे. शब्दांच्या तर्कात मध्यम, आकडेमोडीत मध्यम, यांत्रिक तर्कात कमी, पण अवकाशकल्पनेत, म्हणजे मनात आकार फिरवून पाहण्यात, तिचा गुण तिच्याच बाकीच्या गुणांपेक्षा स्पष्ट वर. टक्के साधारण. नेहमीच्या पायऱ्यांवर तिची जागा गावातल्या अकरावीत ठरलेली आहे. पण हा एक उंचवटा दिसला की शिक्षकाने विचारावं: ही काय काय करते? चित्रं काढते? शिवणकामात मापं न घेता अंदाज घेते? मग तिच्यासमोर स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, वास्तुकलेचे आराखडे काढण्याचं काम, सर्वेक्षण, कपड्यांचं डिझाइन या वाटा ठेवता येतात. लातूरला मुलींसाठी शासकीय निवासी तंत्रनिकेतन आहे. राहण्याची सोय आहे म्हटल्यावर आईवडिलांचा नकार बऱ्याचदा मऊ होतो. आणि यांत्रिक तर्कातला तिचा कमी गुण? तो ‘आत्ता कळत नाही’ या रकान्यात लिहावा. ‘नाही’ या रकान्यात लिहू नये.

या पुस्तिकेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नियम हाच आहे. किल्लारीसारख्या ठिकाणी चाचणीतला चढता गुण पुरावा म्हणून वापरा, उतरता गुण पुरावा म्हणून वापरू नका. उलट दिशेने वापर झाला तर ही चाचणी टक्क्यांच्याच जुन्या पायऱ्यांना शास्त्राचं नाव देऊन टाकेल, आणि गरीब घरच्या मुलांना खालच्या पायरीवर बसवण्याचं नवं साधन होईल. दर्जेदार चाचणीच्या गुणातही थोडी चूक असतेच. म्हणून एका गुणाऐवजी त्याच्या आसपासचा पट्टा वाचायचा, आणि दोन तुकड्यांतला फरक लहान असेल तर तो फरक नाहीच असं समजायचं.

चाचणीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या एका प्रकाराबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. बोटांचे ठसे घेऊन मुलाची ‘जन्मजात बुद्धिमत्ता’ आणि योग्य करिअर सांगणारे अहवाल काही हजार रुपयांना दिले जातात. त्याला कसलाही वैज्ञानिक आधार नाही. शाळेने आपलं सभागृह त्यांना देऊ नये आणि पालकांनी पैसे देऊ नयेत. खरी चाचणी मुलाला प्रश्न सोडवायला लावते. तिची मानकं कुठल्या मुलांवर ठरवली हे तिच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं, आणि तिच्या मर्यादा विचारल्या तर चाचणी घेणारा माणूस त्या सांगतो.

आता वाटांविषयी थोडं, कारण वाटा माहीत नसतील तर अहवाल वाचून उपयोग नाही. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आणि दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. देवणी गाय आणि लाल कंधारी ही याच मातीतली जनावरं, आणि त्यांच्यात लहानपणापासून वावरलेलं मूल तिथे शहरातल्या मुलापेक्षा दोन पावलं पुढून सुरुवात करतं. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतन आणि कृषी महाविद्यालय. लातूरजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. तिथे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन लागतात, म्हणजे आयटीआय झालेली माणसं. आयटीआयला आपण ‘कुठेच नाही जमलं म्हणून’ पाठवतो, हे बदलायला हवं. हातात कौशल्य आणि अवकाशकल्पनेची जाण असलेल्या मुलासाठी ती पहिली पसंती असू शकते. भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचं प्रशिक्षण दिलं गेलं. घर कसं उभं राहावं याचं ज्ञान हाताच्या कामात किती मोलाचं असतं, हे या भागाला वेगळं सांगावं लागत नाही.

पालकांशी बोलणं हा यातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि शिक्षकाने तो घाईत उरकू नये. चाचणी नववीच्या पहिल्या सत्रात घ्यावी, आणि अहवालाची बैठक सोयाबीनची काढणी आटोपल्यावर ठेवावी. काढणीच्या दिवसांत बैठक ठेवली तर आई येणार नाही, आणि ती आली नाही तर मुलीविषयीचं बोलणं अर्धवट राहील. अहवाल आधी मुलाला एकट्याला वाचून दाखवा. त्याला तो पटतो का, विचारा. नाही पटला तर का नाही, तेही लिहून घ्या, कारण चाचणीइतकीच ती माहिती खरी असते. मग घरच्यांसमोर एक नाव न ठेवता तीन वाटा ठेवा, आणि प्रत्येक वाटेला फी किती, शिष्यवृत्ती कोणती, वसतिगृह कुठे, पहिला पगार कितव्या वर्षी, हे कागदावर लिहून द्या. नोकरीच्या भीतीला याच भाषेत उत्तर देता येतं. घरच्यांनी तरीही नीटच ठरवली, तर ती त्यांची निवड. मग त्या मुलाला त्याच्या अहवालातला अभ्यासाला उपयोगी पडेल असा भाग समजावून सांगा आणि दुसरी वाट त्याच कागदावर राहू द्या.

आणि शेवटी एक काम, जे आजवर या भागात पद्धतशीर झालेलं मला दिसलेलं नाही. प्रत्येक शाळेने एक वही करावी. नववीतल्या प्रत्येक मुलाचे चाचणीतले उंच-सखल गुण त्यात लिहावेत. पुढे तो अकरावीला कुठे गेला, बारावीनंतर काय केलं, पाच वर्षांनी कुठलं काम करतो, तेही नोंदवत जावं. मुलांची नावं बाहेर जाऊ देऊ नयेत. लोहारा, औसा, निलंगा, उमरग्याच्या शाळांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या, तर दहा वर्षांत या परिसराची स्वतःची मानकं तयार होतील. कामतांनी मराठी मुलांसाठी जे केलं, ते किल्लारीच्या मुलांसाठी इथले शिक्षक करू शकतील. वहीचा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे. पहिला रकाना मुलाच्या स्वतःच्या शब्दांसाठी आहे, चाचणी घेण्याआधी त्याला काय व्हावंसं वाटत होतं त्याचा, आणि तो मुलानेच भरायचा आहे.